चार इंच मागं

सोमवारी महानंदाला जाऊन वर्ष होणार होतं, आणि शिवानंदकडं भिंतीवर लावण्याजोगा तिचा एक फोटो नव्हता. ऐकणाऱ्याला हसू येईल. जुळे सोलापुरात सव्वीस वर्षं ज्याचा फोटो स्टुडिओ, अर्ध्या कॉलनीच्या लग्नांचे अल्बम ज्याच्या हातचे, त्याच्या घरात बायकोचा फोटो नाही म्हणे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण खोटं कशाला बोला, नव्हता तर नव्हता.

गेली तेव्हा घाईत आधार कार्डावरचा फोटो मोठा करून त्याला हार घातला होता. अक्कलकोटहून आलेल्या तिच्या मावशीनं चष्मा पुसून तो दोनदा पाहिला आणि विचारलं, "ही कोण ओ?" घरातल्या सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवानंदला काही झालं नाही. तो तिथंच उभा होता, त्यानं ऐकलं, आणि पाण्याचा जग उचलून आत गेला.

खरं दुखणं इथंच होतं. त्याला काही होतच नव्हतं. माती देताना नाही, पोरगी अंकिता गळ्यात पडून रडली तेव्हा नाही, कपाटातून साड्या काढून वाटल्या तेव्हाही नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. कसला धीर! दात काढताना हिरडी बधिर करतात, मग गाल चावला तरी दुसऱ्याचा चावल्यासारखा वाटतो, तसं त्याचं आख्खं वर्ष गेलं होतं. आताशा त्याला त्याचीच भीती वाटायची. कुणाला सांगितलं नव्हतं, पण मनात एक धरून बसला होता. तिचा चेहरा एकदा नीट, स्वच्छ समोर आला तर आत काहीतरी हलेल. तेव्हाही नाही हललं, तर मग आपण माणसातून गेलो.

फोटो का नव्हता, तेही सांगायला हवं. महानंदाला फोटो काढून घेणं आवडायचं नाही. लग्नातल्या निम्म्या फोटोंत तिचे डोळे मिटलेले आले होते, उरलेल्यांत मान खाली होती, आणि दिरांनी ती चेष्टा वर्षभर पुरवून पुरवून केली होती. तेव्हा जी बिथरली ती कायमची. मोबाईल पुढं आला की पदर, नाहीतर तळहात. "माझं थोबाड काय बघायचंय, पोरीचं काढा," म्हणायची. आजारपणात अंकितानं हट्ट धरला, तर म्हणाली, "बरी झाल्यावर काढू की." बरी व्हायची वेळ काही आली नाही.

कॅमेऱ्यासमोर ती बसायची ती एकाच कामाला, लेन्स तपासायला.

ते शिवानंदचं वेड. लग्नाच्या कामाला त्याच्याकडं नवे कॅमेरे होते, आपोआप फोकस धरणारे. त्यांच्यावर त्याचं प्रेम दळणाच्या डब्याइतकंच. जीव सगळा जुन्या, हातानं रिंग फिरवून फोकस करायच्या लेन्सवर. बंद पडलेल्या स्टुडिओंतून, बार्शीच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या ट्रंकेतून, कुठून कुठून त्यानं त्या गोळा केल्या होत्या. घरी आणायचा, उघडायचा, काचेवरची बुरशी पुसायचा, वाळलेलं ग्रीस काढून नवं भरायचा. प्रत्येकीची एक खोड असायची, आणि त्या खोडीसकट तिच्याशी संसार करायला त्याला आवडायचं. नावं महानंदानं ठेवली होती. लांबच्या फोटोची जी एकशेपस्तीस एमएमची लेन्स होती, तिच्या आत कायमचा धुरकटपणा होता. ऊन समोर आलं की सगळं पांढरट यायचं. ती 'मोतीबिंदू'. अठ्ठावीसची रिंग डिसेंबरात हलता हलायची नाही आणि एप्रिलात बोट लावलं की घरंगळत जायची. ते 'मामंजी'.

आणि सगळ्यात लाडकी, रुंद काचेची पन्नास, तिचं नाव 'जाऊबाई'. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून फोकस धरला की ती एक दाखवायची, आणि तोंड जरा बारीक केलं की गुपचूप फोकस मागं सरकवायची. "तोंडावर एक, पाठीमागं एक. आमच्या थोरल्या जाऊबाईच की ओ ह्या," महानंदा म्हणाली होती. शिवानंदनं तिच्याशी जमवून घेतलं होतं. फोकस धरायचा, तोंड बारीक करायचं, आणि मग अंदाजानं रिंग केसभर जवळच्या बाजूला फिरवायची. हात बसला की पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा फोटो यायचा.

तो हात बसवायला टेप लागायची, महानंदाची शिवणाची. ती स्टुलावर बसायची. टेपचं शून्याकडचं टोक उजव्या हातानं डोळ्याखाली, गालाच्या हाडावर धरायची, दुसरं टोक कॅमेऱ्याच्या स्टँडला बांधलेलं. शिवानंद फोकस धरायचा तो चार इंचाच्या आकड्यावर, म्हणजे पुढचे-मागचे आकडे बघून फोकस कुठं पडला ते कळावं. ह्या कामाला मात्र ती कितीही वेळ बसायची. "हा फोटो न्हवं, हे माप," म्हणायची. "तुमचा सगळा जीव त्या चारावर." ते खरंच होतं. अकरा वर्षांत तिचे दीड-दोन हजार फोटो निघाले. प्रत्येकात चारचा आकडा धारदार, आणि मागं महानंदा धूसर.

शुक्रवारी दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून शिवानंद हेच फोटो कॉम्प्युटरवर बघत बसला होता. महानंदाचा धाकटा भाऊ धोंडप्पा सोमवारच्या तयारीला अक्कलकोटहून आला होता. मठात जेवणाचं सांगून, घाम पुसत तो आत शिरला.

"काय करलालाव भावजी?"

"फोटो बघतोय."

"सापडला का?"

"नाही अजून."

धोंडप्पानं वाकून बघितलं. "दिसते की अक्का ह्यात."

शिवानंदनं फोटो मोठा केला. चारच्या आकड्याशेजारी टेपवर पडलेला हळदीचा डाग दिसायला लागला, टेपचा उसवलेला दोरा दिसायला लागला. चेहऱ्याच्या जागी गव्हाळ रंग आणि त्यात दोन काळे ठिपके.

"साफ करून घ्या की. आता मशीन करतंय म्हणे सगळं."

"करून बघितलं."

मशीननं डोळे दिले होते, नाक दिलं होतं, न मागता गुळगुळीत गालही दिले होते. बाई छान होती, फक्त महानंदा नव्हती.

"मग त्यो आधारचाच लावा," धोंडप्पा म्हणाला. "गेलेल्या माणसाला काय करायचाय चेहरा?" एवढं म्हणाला, आणि मग तोच बाकावर बसून रुमालात तोंड घालून रडायला लागला. शिवानंदनं उठून त्याला पाणी दिलं. ग्लास पुढं करताना त्याला धोंडप्पाचा हेवा वाटला.

धोंडप्पा गेल्यावर राहिलं होतं ते एकच फोल्डर. त्याचं नाव 'फेल'. बिघडलेले फोटो शिवानंद पुसत नसे. कुठं चुकलं ते त्यातूनच कळतं, असं त्याचं म्हणणं. पण चांगला फोटो शोधायला फेलमध्ये कोण जातो? बाकी सगळं संपलं म्हणून तो गेला. हललेले, काळे पडलेले, टेप सुटलेले फोटो एकेक करून सरकवत राहिला. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतले अकरा फोटो आले, आणि त्याचा हात थांबला.

चारचा आकडा विरघळून गेला होता. त्याच्या मागं महानंदा होती.

त्याला आठवलं. तेव्हा जाऊबाई उघडून परत जोडताना आतली कागदाएवढी पातळ पितळी चकती घालायची राहून गेली होती. म्हणून तिची खोड हाताबाहेर गेली होती. अर्धा इंच मागं सरकायचं, ते सरळ चार इंच. त्या दिवशी तो भलताच चिडला होता. चकती दुसऱ्या दिवशी चहाच्या बशीखाली सापडली, जागच्या जागी बसली, आणि तो ते विसरूनही गेला.

त्यानं फोटो मोठा केला. डाव्या भुवईतला तो लहानपणीचा व्रण. तो व्रण होता हेच शिवानंद विसरला होता. चमकीच्या खड्यात स्टुडिओची खिडकी. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब. ती टेपकडं बघत नव्हती, लेन्सकडंही नाही. लेन्सच्या जरा वर बघत होती, तो वाकून उभा राहायचा तिथं.

शिवानंदनं वाट बघितली. पंखा फिरत होता. बाहेर रिक्षावाला कुणाला तरी पत्ता विचारत होता. आत काही हललं नाही.

मग त्यानं काम सुरू केलं, कारण काम येत होतं. भिंतीवरच्या फोटोला खांद्यापासून वरचं घ्यायचं, म्हणून चौकट ओढायला तो खाली सरकला, आणि तिचा डावा हात पडद्यावर आला. हात बरगडीखाली होता. नुसता ठेवलेला नव्हता. चारी बोटं साडीत रुतली होती, नखं पांढरी पडेपर्यंत. त्यानं दुसरा फोटो उघडला. हात तिथंच. तिसऱ्यात ती त्या बाजूला जरा वाकली होती. पाचव्यात ओठ आत ओढून धरले होते. अकराच्या अकरा फोटोंत तो हात होता. वरच्या ओठावरचा घाम फेब्रुवारीतला होता, उकाड्याचा नव्हता.

कपाटातून त्यानं वही काढली. प्रत्येक तपासणी तो लिहून ठेवायचा. पान सापडलं. त्याच्याच सुवाच्य अक्षरात होतं: 'जाऊबाई. फेल. चार इंच मागं. म. सारखी हलत होती, तीनदा सांगावं लागलं.'

त्याच वर्षी दसऱ्यानंतर डॉक्टरांनी गाठ सांगितली होती. उशीर झालाय म्हणाले. आधी कधी दुखत नव्हतं का, असं त्यांनी महानंदाला विचारलं होतं, आणि उत्तर शिवानंदनंच दिलं होतं. "छे हो, कधी काही नाही." ती शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि पिशवीचे बंद सारखे केले.

संध्याकाळी त्यानं फोटो अंकिताला पाठवला, न कापता. ती बार्शीला कॉलेजात शिकवते. पाच मिनिटांत तिचा फोन आला.

"पप्पा, कुठं होता हा? आई आहे ही. अगदी आई." ती रडत होती, हसतही होती. मग एकदम थांबली. फोटो मोठा करून बघत असावी. "पप्पा, आईचा हात."

"हं."

"दुखत होतं का तिला तेव्हा? आपल्याला कसं कळलं नाही ओ?"

"मला कळलं होतं," शिवानंद म्हणाला. "वहीत लिहून ठेवलंय." आणि त्यानं ती ओळ तिला वाचून दाखवली, दुकानाची पाटी वाचावी तशी.

 मग अंकिता हळू म्हणाली, "खांद्यापासून वरचाच लावा. तो हात रोज नाही बघवणार मला."

"नको," शिवानंद म्हणाला. "हात राहू दे." का ते त्याला सांगता आलं नसतं. तो हात कापला असता, तर उरलेला फोटो पुन्हा त्याच्या बाजूनं खोटं बोलला असता, एवढंच त्याला कळत होतं.

सोमवारी फोटो भिंतीवर लागला. टेप, हात, सगळ्यासकट. जंगम येऊन गेले, पूजा झाली, पानं मांडायची वेळ झाली. येणारा जाणारा फोटोपुढं थांबायचा. डोळे किती बोलके म्हणायचा, टेप कशाची म्हणून विचारायचा. शिवानंद सांगायचा, मापाची. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता.

मावशी उशिरा आली, धोंडप्पाच्या हाताला धरून. फोटोसमोर उभी राहिली आणि सवयीनं चष्मा पुसला. "आली बघ माझी महानंदा," म्हणाली. मग काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली. म्हातारीची नजर कमी, पण जिथं जायची तिथंच गेली. "हात असा का गं धरलायस, बाई?" तिनं फोटोलाच विचारलं.

अंकितानं बापाकडं बघितलं. शिवानंद मावशीच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"दुखत होतं तिला, मावशी," तो म्हणाला. "मी लेन्स तपासत होतो. ती जरा हलली की मी म्हणायचो..."

म्हणायचो काय, ते तोंडातून निघेना. साधे दोन शब्द, तीनदा बोललेले, वहीत मोजून ठेवलेले. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "मी म्हणायचो, हलू..." आणि बरगडीखाली, डाव्या बाजूला, कळ आली. इतकी आली की त्यानं तिथं हात दाबला आणि भिंतीला धरून खाली बसला. वर्षभरानं त्याला दुखलं. तो रडला ते चारचौघांत रडतात तसं नाही. वाईट रडला, ओकारी काढल्यासारखा, आणि वाढायला निघालेल्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मावशी गुडघे धरत त्याच्याजवळ बसली. "अळब्याड्री," ती आधी कानडीत म्हणाली, रडू नका. मग त्याचं तोंड बघून तिनं ते सोडून दिलं आणि नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तुमी बस म्हणालाव म्हणून बसली ती," थोड्या वेळानं ती म्हणाली. "न्हाईतर आमची महानंदा कुणाचं ऐकून बसणारी न्हवती."