बायडाबाईंच्या भट्टीवरची चिमणी

मी एक जुनी चिमणी आहे. झाडावरची नव्हे, राजारामपुरीतल्या एका खानावळीच्या भट्टीवरची. मित्रांनो, तुम्ही माझी चौकशी कशाला करताय, ते आधी सांगा. उगाच गोड बोलणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. हा गुण मी मालकिणीकडून, म्हणजे बायडाबाईंकडून उचलला.

उद्यमनगरातल्या पिराजी पत्रेवाल्याने मला घडवले. तेव्हा मी नुसती चकाकत होते. लाकडाच्या भट्टीवर तांबडा रस्सा उकळायचा आणि सगळा धूर मी सरळ आभाळात सोडायचे. वासावरच गिऱ्हाईक आत शिरायचे. "ही चिमणी माझी लक्ष्मी हाय," असे बायडाबाई चारचौघांत सांगायच्या. पुढे मला गंज चढला, भोके पडली. निम्मा धूर आत परतू लागला आणि बायडाबाईंना खोकला जडला. धुरापासून लांब राहा, असे डॉक्टरांनी बजावले. पण भट्टी सोडून त्या जाणार कुठे?

एके दिवशी त्यांची सून संयोगिता बातमी घेऊन आली. लाकडाची भट्टी काढून गॅस आणि धूर गाळणारे यंत्र बसवले, तर महापालिकेच्या घरफाळ्यात, म्हणजे घरपट्टीत, सूट मिळणार होती. म्हणजे मी भंगारात!

बायडाबाईंनाही पटेना. "सरकार कवा फुकट देतंय व्हय? धूर बघायचं निमित्त करायचं, आन् दंड ठोकायचा!"

तरी संयोगिताने अर्ज केलाच. तपासणीच्या दिवशी बायडाबाईंनी भट्टी विझवली, शेजारून गॅसची शेगडी आणली आणि मला सोडा लावून लख्ख घासले. कित्येक वर्षांत माझ्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता. मी सुखावले.

तपासणीच्या मॅडम गार भट्टीत डोकावल्या. "मावशी, ही सूट लाकडाची भट्टी काढून धूर कमी करणाऱ्यांना आहे. तुमच्याकडे तर धूरच नाही. भट्टी पेटवता की नाही?"

संयोगिता तोंड उघडणार, तोच बायडाबाईंनी डोळे वटारले. खरे सांगितले की दंड, हे त्यांच्या मनात पक्के होते. "न्हाय ओ, धूर कसला? आमचं समदं गॅसवरच हाय की!"

"मग सूट कशी देणार?" म्हणत मॅडम निघून गेल्या. बायडाबाईंचा चेहरा उतरला. मी मात्र मनात म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला!

दुसऱ्या दिवशी भट्टी पुन्हा पेटली. माझ्या भोकांतून धूर आत कोंडला. बायडाबाई खोकत खोकत खालीच बसल्या. त्यांना श्वास घेता येईना. संयोगिता पाणी घेऊन धावली.

"आत्याबाई, आजून बी जाऊन खरं सांगूया की. दंड झाला तर भरू."

बायडाबाईंनी डोळे पुसले आणि हाताने नको नको अशी खूण केली. पहिल्यांदाच मला माझीच भीती वाटली.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. तुम्ही या बाजूला जेवायला आलात, तर बायडाबाईंना माझा निरोप सांगा. त्या माणसांवर विश्वास ठेवणार नाहीत, पण माझे ऐकतील. म्हणावे, तुमच्या लक्ष्मीने सांगितलेय, मला खाली उतरवा.