विल्मिंग्टनच्या खोलीतलं टेबल

मी एक जुनं, चेरीच्या लाकडाचं टेबल आहे, मित्रांनो. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात, झर्बी बंधूंच्या प्रेट्झेलच्या, म्हणजे पीळदार खाऱ्या बिस्किटांच्या, कारखान्यात माझा जन्म झाला. त्यांच्या वडिलांनी मला स्वतःच्या हातांनी रंधा मारून घडवलं. धाकट्या मर्लचं आणि लोरेनचं लग्न माझ्याभोवती बसूनच ठरलं. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे कारखान्याची शिल्लक वाढली. ती रोख्यांत गुंतवली, पण व्याजावर राज्य कर घेई. शेजारच्या डेलावेअर राज्यात नुसती गुंतवणूक सांभाळणाऱ्या कंपनीला तो कर नव्हता. थोरल्या हार्लनने तिथे, विल्मिंग्टनला, एक उपकंपनी काढली आणि सगळे रोखे तिच्या नावावर केले. अट एकच होती, तिचा कारभार खरोखर तिथे चालला पाहिजे, संचालकांच्या सभाही तिथेच भरल्या पाहिजेत. म्हणून एक खोली भाड्याने घेतली, मला तिथे नेलं आणि मर्लला अध्यक्ष करून माझ्यापाशी बसवलं.

"हे टेबल म्हणजे आपलं कमावतं पोर!" हार्लन माझ्यावर थाप मारून म्हणाला. मला किती धन्य वाटलं!

मर्लला काम असं नव्हतंच. तो दिवसभर एकटा बसे आणि दुपारी लोरेनला फोन करी. मग ती आजारी पडली. एका हिवाळ्यात, नेमक्या सभेच्या सकाळी, गावाकडच्या इस्पितळातून निरोप आला. मर्लने भावाला फोन लावला.

"हार्लन, लोरेनचं काही खरं नाही. मी निघतो."

"अरे वेड्या, आज सभा आहे! तू उठलास तर तिथे आहेच कोण? मी येतोच आहे. सभा झाली की जा."

"ती वाट बघतेय रे."

"थोडा वेळ तर काढायचाय. कारखाना काय माझ्या एकट्याचा आहे?"

मर्ल अंगात कोट घालून बसून राहिला. बाहेर बर्फ पडू लागला. हार्लन आलाच नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"बर्फामुळे निघालोच नाही बघ. सभा इथेच उरकली, कागदावर सभेची जागा विल्मिंग्टन लिहिलीय. जा तू आता."

मर्ल दारापर्यंत गेला आणि फोन पुन्हा वाजला. इस्पितळाचा होता. लोरेन गेली होती. तो परत आला, माझ्यावर डोकं टेकून रडला. माझं लाकूड भिजलं, तिथला डाग अजून गेलेला नाही.

कारखाना विकला गेला, तशी उपकंपनीही मिटली. मी आता जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडलं आहे. मित्रांनो, मला कोणी नेलंत, तर डुगडुगणारा पाय नीट करा, पण तो डाग घासू नका. आणि माझ्यापाशी कोणी कोट घालून बसलेलं दिसलं, तर त्याला जाऊ द्या.