काठ ठोकून पाहिला आहे

मी एक शिक्का बोलतोय. रबरी तोंडाचा, लाकडी मुठीचा, अगदी साधा. ज्यांच्या नावाचा मी, ते लोखंडी कामं करणारे एक मिस्त्री. जिन्याचे कठडे, खिडक्यांचे गज, फाटकं, गॅलरीची रेलिंगं. त्यांचं नाव माझ्या तोंडावर उलटं कोरलेलं आहे, त्यामुळे मला ते कधी नीट वाचता आलं नाही. कागदावर उमटलं की लोक वाचायचे आणि मान डोलवायचे, त्यावरून मी समजायचो की नाव चांगलं असावं.

मला करून घेतलं ते मिस्त्रींच्या बायकोने, आमच्या मालकीणबाईंनी. त्याआधी मिस्त्रींचं कोटेशन म्हणजे हाताला लागेल त्या चिटोऱ्यावर लिहिलेला एक आकडा. गिऱ्हाईक तो खिशात घालायचं आणि पँटबरोबर धुऊन टाकायचं. शेवटी मालकीणबाई वैतागल्या. "अहो, काम सोन्यासारखं करता आणि कागद देता रद्दीसारखा. लोकांनी विश्वास ठेवायचा कशावर?" त्यांनी लेटरहेड छापून आणली आणि चाव्या बनवणाऱ्याकडून मला कोरून घेतलं.

मग घरात कोटेशनची शिस्त आली. मिस्त्री सांगायचे, मालकीणबाई गोल अक्षरात लिहायच्या. लोखंड कुठलं, जाडी किती, रंगाचे हात किती, काम कधी पुरं होणार. शेवटी त्या हटकून विचारायच्या, "आता काय काय करणार नाही ते सांगा. आधी लिहिलेलं बरं, नंतर तोंडाला तोंड लागायला नको." मिस्त्री सही करायचे आणि सगळ्यात शेवटी मी. माझ्याशिवाय कागद घराबाहेर पडायचा नाही. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मिस्त्रींची एक खोड होती. रेलिंगचं कोटेशन मागितलं की ते हातोडी घेऊन स्वतः वर जायचे, गॅलरीच्या काठाशी उकिडवे बसायचे आणि कान लावून सगळा काठ ठोकत जायचे. ठणठणीत वाजला तर काम घ्यायचं. बद्द वाजला तर सिमेंट आतून पोकळ झालंय, त्यात बोल्ट मारून उपयोग नाही. मग ते सांगायचे, "आधी गवंडी बोलवा, मग मला." अशी कितीतरी कामं हातची गेली. पण काठ पक्का निघाला की ते मालकीणबाईंना एक ओळ लिहायला लावायचे: 'काठ ठोकून पाहिला आहे.' बाकीचे वेल्डर हसायचे. "हा काय डॉक्टर लागून गेलाय, छाती ठोकून बघायला?" हसेनात का. गिऱ्हाइकं ती ओळ बघून निर्धास्त व्हायची.

मालकीणबाईंचा धाकटा भाऊ मिस्त्रींच्याच हाताखाली शिकला आणि त्याने स्वतःचं वर्कशॉप टाकलं. जिभेवर साखर आणि हातात घाई, असा माणूस. त्याची घडी बसेना. तेव्हा तो मिस्त्रींकडे यायला लागला, ते कोऱ्या लेटरहेडसाठी.

ही भानगड काय ते सांगतो. कुठल्याही इमारतीचं काम असलं की कमिटीला तीन कोटेशनं लागतात. तीन माणसांनी जागा बघावी, तिघांनी आपापलं सांगावं, मग त्यातलं एक निवडावं, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. प्रत्यक्षात ज्याला काम मिळायचं असतं तोच उरलेली दोन कोटेशनं घेऊन येतो. ओळखीतल्या दोघांची कोरी लेटरहेड सही-शिक्क्यासकट आणायची आणि त्यांवर आपल्यापेक्षा चढे आकडे टाकायचे. आज तुझं, उद्या माझं. घेणाऱ्याला ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

मिस्त्रींनी आधी साफ नाही म्हटलं. मालकीणबाईंनी समजूत घातली. "तुम्हाला कुठे खोटं लिहायचंय? कोरा कागद तर द्यायचा. त्याचं बस्तान बसू दे जरा. माझा एकुलता एक भाऊ आहे." मिस्त्रींनी मला उचललं आणि कोऱ्या कागदाच्या तळाशी टेकवलं. वर एक अक्षर नव्हतं, तरी मी नेहमीसारखाच ठसठशीत उमटलो. मेहुण्याने कागदावर फुंकर घातली आणि तो घडी न घालता फायलीत ठेवला. त्यानंतर असे बरेच कागद गेले.

त्यातला एक कागद एका जुन्या चार मजली इमारतीला लागला. तिथल्या सेक्रेटरींनी मेहुण्याला स्वतःच सांगितलं होतं, "बाकीची दोन तुम्हीच आणा, मला धावपळ जमत नाही." मेहुण्यालाही जिने चढायचा कंटाळा. त्याने खाली उभं राहून मोबाइलवर फोटो काढले, गॅलऱ्या मोजल्या, लांबी नजरेने धरली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. घरी बसून त्याने तिन्ही कोटेशनं लिहिली. मिस्त्रींचं कोटेशन मिस्त्रींच्यासारखं दिसावं म्हणून त्यांचं एक जुनं समोर ठेवून त्याने सगळं उतरवलं, 'काठ ठोकून पाहिला आहे' या ओळीसकट. ती ओळ त्याला इतकी आवडली, की ती त्याने स्वतःच्या कोटेशनातही घातली आणि तिसऱ्यातही.

काम त्यालाच मिळालं. रेलिंग बसलं, काळा रंग चमकायला लागला. काही महिने सगळं ठीक होतं.

तिसऱ्या मजल्यावर एक नवरा-बायको राहायचे. एका सकाळी नवरा किल्ली विसरून खाली उतरला आणि त्याने बायकोला हाक मारली. ती गॅलरीत आली, रेलिंगवर पोट टेकून वाकली, किल्ली नीट त्याच्या हातात पडावी म्हणून आणखी थोडी वाकली. रेलिंग तुटलं नाही. त्याचा एकही जोड सुटला नाही. काठच सुटला, बोल्टांसकट, आणि रेलिंग तिला घेऊन खाली आलं. नवरा खालीच उभा होता, हात पुढे करून.

पोलिसांनी कागद मागितले. सेक्रेटरींनी तीन कोटेशनं पुढे केली. "साहेब, तीन जाणकारांनी ठोकून पाहिलंय. लेखी आहे. आमचा यात काय दोष?"

मेहुणा पळत मिस्त्रींकडे आला. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. "दाजी, तुम्ही एवढंच सांगा की तुम्ही वर गेला होतात, आणि तेव्हा काठ पक्का होता. पाणी नंतर मुरलं असं म्हणू. तुमच्या शब्दाला वजन आहे. तुम्ही म्हणालात तर मी सुटतो."

मिस्त्री म्हणाले, "मी ती इमारत पाहिलेली पण नाही रे."

"मग कोणाला माहितीये?" मेहुणा म्हणाला. "दाजी, माझी पोरं लहान आहेत."

मालकीणबाई एकच वाक्य बोलल्या. "गेलेली बाई काही परत यायची नाही, निदान माझा भाऊ तरी राहू दे." मिस्त्रींनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते मलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नवरा दुकानात आला. मी टेबलावरच होतो. मालकीणबाई आतल्या दारात उभ्या होत्या. तो भांडेल असं वाटलं होतं, पण त्याने शांतपणे तिन्ही कोटेशनांच्या झेरॉक्स मांडल्या आणि मिस्त्रींच्या कागदावर बोट ठेवलं. "मिस्त्री, मी चार ठिकाणी चौकशी केली. सगळे म्हणतात, ही ओळ तुमचीच आणि तुम्ही ती उगाच लिहीत नाही. म्हणून आलो. तुम्ही ठोकलंत तेव्हा आवाज कसा आला होता?"

मिस्त्रींनी झेरॉक्स जवळ ओढून ती ओळ वाचली.

"मीच तिला हाक मारली ना," तो म्हणाला. "काठ तेव्हा चांगला होता एवढं कळलं तर मी म्हणेन, नशीब. तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन."

एक शब्द पुरला असता. 'ठणठणीत' म्हटलं असतं तर मेहुणा वाचला असता, घर वाचलं असतं, आणि समोरचा माणूसही थोडं समाधान घेऊन गेला असता. मालकीणबाई मिस्त्रींकडे एकटक बघत होत्या.

"मी गेलोच नव्हतो," मिस्त्री म्हणाले.

"मग कोण गेलं होतं?"

"कोणीच नाही."

त्या माणसाने कागद गोळा केले. कडा जुळवून घेतल्या, पुन्हा एकदा जुळवल्या. "बरं," म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

मिस्त्रींनी मला खिशात घातलं आणि ठाण्यावर जाऊन हेच सांगितलं. मेहुण्याला अटक झाली. कोरा कागद दिल्याबद्दल मिस्त्रींवरही गुन्हा लागला. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, पण यातलं ओलं कोण हे मला सांगता येणार नाही. मालकीणबाई त्याच आठवड्यात भावाच्या घरी गेल्या, त्याच्या पोरांना सांभाळायला. जाताना त्या मिस्त्रींशी बोलल्या नाहीत.

मी आता पुरावा आहे. ठाण्यातल्या कपाटात, पिशवीत बंद, अंगाला नंबर बांधलेला. तोंडावरची शाई वाळून तडकली आहे. शेजारी एक चाकू आहे आणि एक चेपलेलं हेल्मेट. आम्ही एकमेकांना काही विचारत नाही.

खटला संपला की वस्तू ज्याची त्याला परत देतात, असं इथले हवालदार बोलतात. मिस्त्री, तुम्हाला हात जोडून सांगतो, मला न्यायला येऊ नका. मी रबराचा तुकडा आहे, टेकवाल तिथे उमटणार. तुम्ही आपली हातोडी घ्या, कुणी बोलावलं तर वर जा, काठ ठोका, आणि कसा वाजला ते माणसाला समोरासमोर सांगा. कोणी बोलावलंच नाही, तर मात्र माझ्याकडे त्यावर काही उपाय नाही.