सुई नको म्हणणारा आचारी

"विजार खाली कर जरा, मिरहोसिल! लाजतोयस काय नव्या नवरीसारखा?" मुनव्वर ओपा सुई उंचावून उभ्या होत्या.

मिरहोसिल भिंतीला धरून कसाबसा उभा होता. बाहेर तुर्सुनबोयच्या अंगणात गल्लीतले पुरुष उद्याच्या पलोवसाठी, मांस घातलेल्या पुलावासाठी, गाजरं चिरत बसले होते. लग्न तुर्सुनबोयच्या लेकीचं. कढई चुलीवर चढवताना मिरहोसिलची कंबर अशी धरली, की तोंडातून शब्द फुटेना. मर्गिलानच्या या गल्लीत लग्नाचा पलोव त्याच्याच हातचा आणि दुखण्याची सुई ओपांच्याच हातची. दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या ओपा म्हणजे सगळ्यांची थोरली बहीण.

"औषध कसलं?"

"डायक्लोफेनॅक. मेलेला घोडा उठून पळेल!"

मिरहोसिलचा हात विजारीच्या नाडीवर गेला. दोन वर्षांपूर्वी कंबरेसाठी त्याने याच औषधाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. आतड्यांचा त्याचा जुना आजार निवांत होता, तो उसळला. रक्त जायला लागलं, आणि महिनाभर फरगान्याच्या दवाखान्यात पडून राहावं लागलं. गल्लीला मात्र त्याने सांगितलं, अपेंडिक्स होतं.

"ओपा, हे पोटाला सोसत नाही मला."

"अरे, पोटात जाते ती गोळी. सुईचा पोटाशी काय संबंध?"

खरंच की, त्याला वाटलं. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोळी घ्या नाहीतर सुई, औषध रक्तातून आतड्यांपर्यंत पोचतंच. त्याने विजारीची नाडी करकचून बांधली.

ओपा तणतणत अंगणात गेल्या. "ऐका हो! तुमचा आचारी सुईला भितो!"

"उकळत्या तेलाला भीत नाही नि टोचल्यावर रडतो होय!" एकच हशा पिकला. मागोमाग लंगडत आलेला मिरहोसिलही हसला. भित्रा म्हणाले तर म्हणू देत, त्याचं काय जात होतं! पण तेवढ्यात तुर्सुनबोय छातीवर हात ठेवून पुढे आला.

"आका, थोरल्या भावासारखे आहात तुम्ही. पहाटे सगळा गाव जेवायला येतोय. पोरीकडे बघून घ्या की टोचून. मिनतवारी करतो तुमची."

आता नाही म्हणणं म्हणजे लेकीच्या लग्नात शेजाऱ्याचा शब्द मोडणं. आणि खरं सांगावं, तर असल्या रोग्याच्या हातचा घास कोण खाणार? जन्मभर कमावलेलं नाव मातीत जायचं.

"अपेंडिक्स नव्हतं ते," तो मोठ्याने म्हणाला. सुऱ्या थांबल्या. "आतड्यांचा आजार आहे मला. या औषधानं रक्त जातं. मरता मरता वाचलोय. कुणाला लागणारा रोग नाही हा. पण उद्या कढईशी दुसरा कुणी हवा असेल तर सांग, तुर्सुनबोय. मला राग नाही."



"मेल्या, आधी बोलायला काय झालं होतं?" ओपांचा आवाज चिरकला. "माझ्याच हातानं मारलं असतं की तुला!" त्यांनी सुई गुंडाळून ठेवली, त्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि त्या म्हणाल्या तेवढंच पॅरासिटामॉल दिलं. वर गरम मिठाची पुरचुंडी कंबरेला बांधली.

पहाटे मिरहोसिल कढईशेजारी खुर्चीत बसून हुकूम सोडत होता. झारा तुर्सुनबोयच्या हातात. "हळू रे! तांदूळ आहे तो, कुदळ मारतोयस का?" तुर्सुनबोय निमूट ऐकत होता. पलोव झक्क उतरला. मिरहोसिलचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

पहिली परात गल्लीतल्या सर्वांत थोरल्या ओबिद आजोबांपुढे ठेवली. आजोबांनी तिला हात लावला नाही. आजोबा उठले, परात उचलून त्याच्यापुढच्या चौरंगावर ठेवली आणि समोर बसले.

"हात थरथरतात रे माझे. तूच भरव."

हेच आजोबा काल सगळ्यांत बारीक गाजर चिरत होते.

मिरहोसिलने बोटांनी भात दाबून घास केला, वर मांसाचा तुकडा ठेवला आणि त्यांच्या तोंडात दिला. आजोबांनी सावकाश चावून गिळला.

"मीठ बरोबर आहे," ते म्हणाले, आणि मागे थांबलेल्या तुर्सुनबोयसाठी सरकून बसले.