गेटवरची सलामी

धाकट्याला त्या सकाळी घरी न्यायचं होतं. उन्हाळाभर तो मनोरुग्णालयाच्या पुरुष वॉर्डात होता. ताईने डेपोतून रजा काढली होती, त्याच्यासाठी नवा शर्ट आणला होता. ती बसमध्ये कंडक्टर. आई-वडील गेल्यापासून भाऊ तिच्याकडेच राहायचा. छापखान्यातली त्याची नोकरी सुटली ती आवाजापायी. यंत्राच्या खडखडाटात त्याला माणसं बोलताना ऐकू यायची, आणि ती सगळी त्यालाच शिव्या घालायची.

आज मात्र तो दाढी करून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसला होता.

"ताई, बसनंच जायचं ना?"

"हो. आणि तिकीट काढायचं बरं का. मी आज कामावर नाही."

तो खुदकन हसला. डॉक्टरांची सही तेवढी बाकी होती.

तेवढ्यात गेटवर मोटारसायकली आल्या. आधी दोन-चार, मग रांगच लागली. एकसारखे टीशर्ट, गाड्यांना फलक: 'मानसिक आजार? चला, बोलू या!' माइकवरून कोणीतरी ओरडलं, "आतल्या आपल्या बांधवांना सलामी! होऊन जाऊ दे आवाज!"

सगळ्यांनी एकदम ॲक्सिलरेटर पिळला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. समोरच्या खाटेवरचे आजोबा भिंतीवर डोकं आपटू लागले, नर्स तिकडे धावली. ताईने वळून पाहिलं, तर धाकटा खाटेखाली. गुडघे पोटाशी, हात कानांवर. "आले, आले, आले," एवढंच पुटपुटत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गेटवर चामड्याचं जाकीट घातलेला म्होरक्या हातात माइक घेऊन उभा होता. तिला बघून त्याचा चेहरा खुलला. "या ताई, नातेवाईक का? दोन शब्द बोला ना."

तिने वाकून त्याच्या गाडीची चावीच काढून घेतली.

"बंद करा!"

खच्चून भरलेल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत पोचणारा आवाज तो. एकेक करत गाड्या गप्प झाल्या.

"अहो, तुमच्या माणसांसाठीच चाललंय हे," म्होरक्या म्हणाला. "लोक जागे व्हावेत म्हणून."

"आतली माणसं जागीच आहेत. गोळ्या घेऊनही झोप लागत नाही त्यांना. माझा भाऊ आज घरी येणार होता. आता खाटेखाली जाऊन बसलाय."

"आम्हाला काय माहीत..."

"विचारलंत कोणाला? एकदा तरी आत पाय टाकलात? म्हणे बोलू या! या गोंगाटात तुमचं तुम्हाला तरी ऐकू येतंय का?"

रुग्णालयाचे अधीक्षक पुष्पगुच्छ सावरत पुढे आले. "बाई, मीच परवानगी दिलीय. चांगल्या कामात असा..."

"तुम्ही दिलीत? मग चला आत. काढा त्याला बाहेर."

अधीक्षक गुच्छातली फुलं बघत राहिले.

ताईने म्होरक्याच्या हातात चावी आपटली. "एकही गाडी इथं सुरू व्हायची नाही. त्या वळणापलीकडे ढकलत न्या."

"एवढ्या जड गाड्या? या उन्हात?"

"ढकला म्हणते ना!"

मागे एका मुलीने हेल्मेट काढलं आणि गाडी ढकलायला सुरुवात केली. मग बाकीचे कुरकुरत वळले. म्होरक्याची गाडी चढावर मागे सरकू लागली, तेव्हा तिला रेटायला आणखी दोघे लागले. "चांगलं करायला जावं तर हे असं," तो धापा टाकत म्हणाला. ताई गेटमध्येच उभी राहिली, शेवटची गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

वॉर्डात डॉक्टरांनी मान हलवली. "आज नको. पुढच्या आठवड्यात बघू."

ती फरशीवर आडवी झाली, त्याचा चेहरा दिसावा म्हणून.

"गेले?" त्याने विचारलं.

"घालवले."

"खरंच होते ते? का माझ्याच कानात?"

"खरे होते रे. सगळ्यांनी ऐकलं. आजोबांनी, नर्सनी, मी."

त्याने एका कानावरचा हात काढला. दुसरा तसाच राहिला. तिने खाटेखाली हात घातला, तो त्याने धरला.

त्याचा डोळा लागल्यावर ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि तडक अधीक्षकांच्या खोलीशी गेली.

"साहेब जेवायला गेलेत," शिपाई म्हणाला. "भेटायची वेळही संपली."

"जेवून येतील ना परत?" तिने भिंतीशी असलेली खुर्ची ओढली आणि बरोब्बर दारात ठेवली. "मग बसते मी."