लॅबमध्ये समजतं

डॉ. कसोंदेंनी फळा पुसला, खडू खाली ठेवला आणि त्या पहिल्या बाकावर विद्यार्थ्यांकडे तोंड करून बसल्या.

"आज शिकवणार नाही," त्या म्हणाल्या. "प्रोग्रॅमिंगच्या चाचणीत अर्धा वर्ग नापास झालाय. माझ्या तासाला काय चुकतं, लॅबमध्ये काय चुकतं, ते आज तुम्ही सांगायचं."

किट्वे शहरातल्या त्या कॉलेजात असं कुणी विचारत नसे. मुलांनी वह्यांत डोकी घातली. खिडकीपाशी उभा असलेला चिशालाही चुळबुळला. लॅब तो घेत असे. त्याची नेमणूक वर्षावर्षाची आणि पुढची शिफारस बाईंच्याच हातात.

"सगळं छान आहे, मॅडम," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"छान असतं तर पेपर तपासताना मी डोकं धरून बसले नसते."

हशा पिकला. त्या हशाच्या आडोशाने मधल्या बाकावरचा बॉयड उठला.

"मॅडम, तुमचा तास म्हणजे सुटलेल्या मिनीबसमागे धावणं. आमचं निभतं ते चिशाला सरांमुळे. लॅबमध्ये सगळं समजतं."

बाकं वाजली. चिशाला अवघडला. एरवी हे कौतुक त्याने मिरवलं असतं, पण बाईंसमोर?

"तसं काही नाही, मॅडम..."

बाईंनी हातानेच त्याला थांबवलं. "तुझी बस कुठे सुटली, बॉयड?"

"प्रोग्रॅममधलं फंक्शन स्वतःलाच बोलावतं, त्या भागात."

"मी विचारलं होतं, समजलं का म्हणून."

"विचारलंत आणि लगेच फळा पुसलात."

केस पिकेपर्यंत शिकवलेल्या त्या बाई. बोटांवरची खडूची भुकटी त्यांनी अंगठ्याने झटकली.

"खरंय," त्या म्हणाल्या.

चिशाला बघत राहिला. दुसरा कुणी प्राध्यापक असता तर त्याने एव्हाना बॉयडची हजेरी घेतली असती.

"आणि लॅब?" बाईंनी वर्गाला विचारलं.

शेवटच्या बाकावरची तोवेला उभी राहिली. दूरच्या म्पिका गावाहून आलेली ही मुलगी सहसा बोलत नसे.

"लॅबमध्ये समजतं, पण..." तिने चिशालाकडे पाहणं टाळलं. "अडलो की सर कीबोर्ड ओढून घेतात. पटापटा टाइप करतात, प्रोग्रॅम चालतो, आम्ही खूश. परीक्षेत सर नसतात."

चिशालाच्या ओठांवर उत्तरांची गर्दी झाली. यंत्रं कमी, मुलं जास्त, वीज केव्हा जाईल त्याचा नेम नाही. त्याने बाईंकडे पाहिलं. त्या मुद्दाम दाराबाहेर बघत होत्या. त्याने सगळी उत्तरं गिळली.

"खरंय," तो म्हणाला.

वर्ग सुटल्यावर जिन्यात बाईंनी त्याला गाठलं.

"तुझी शिफारस आज लिहिते."

"आजचं ऐकूनही, मॅडम?"

"तू सगळ्यांसमोर 'खरंय' म्हणालास, ते त्यात लिहिता येत नाही, एवढंच वाईट वाटतं," म्हणत त्या पायऱ्या उतरून गेल्या.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये तोवेलाचा प्रोग्रॅम अडला. चिशाला तिच्या मागे जाऊन उभा राहिला. चूक त्याला एका नजरेत दिसली. हात आपसूक पुढे गेला. त्याने तो खिशात घातला. तोवेलाने एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली.

"सांगू नका हं, सर."

"नाही सांगत."

तो बाजूच्या स्टुलावर बसला. लाकडी भिंतीपलीकडे बाईंचा दुसऱ्या तुकडीचा तास चालू होता. बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या.

"इथे कोण मागे राहिलं?"

बाई लगेच पुढे गेल्या नाहीत. तोवेला ओठ चावत पडद्याकडे बघत होती. अलीकडे चिशाला, पलीकडे बाई, दोघंही वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने भिंतीपलीकडून एक बारीक आवाज आला.

"मी, मॅडम."