जोरबाईचा व्यायाम

प्रसूतिगृहात मला सगळे जोरबाई म्हणायचे. तोंडावर सिस्टर, पाठीमागे जोरबाई. टेबलावरच्या बाईला मी ज्या आवाजात "लाव जोर, अजून, सोडू नकोस" म्हणायचे तो बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्यांनाही ऐकू जायचा, आणि त्यातले काही दचकून स्वतःच जोर लावायचे. निवृत्तीच्या दिवशी हाताखालच्या पोरींनी मला शेवटचं एकदा ओरडून दाखवायला लावलं. मी दाखवलं, आणि आम्ही पोट धरून हसलो.

तर गेल्या वर्षापासून माझं अंग बाहेर येतं.

इथं लिहिलं तितक्या सहज हे वाक्य तोंडातून निघत नाही. जन्मभर बायकांचंच काम केलेल्या माझ्याही निघत नव्हतं. सकाळी काही नसतं. दुपारनंतर गर्भाशय खाली उतरून ओटीपोट जड होतं, संध्याकाळी खुर्चीत टेकले की बुडाखाली चेंडू ठेवल्यासारखं वाटतं, आणि लघवीला जाऊन आलं तरी झाल्याचं समाधान नसतं. असल्या बायका मी ढिगाने पाहिल्या आहेत. पडद्याआड चाचरत सांगायच्या, आणि मी हातमोजे काढता काढता म्हणायचे, "वय झालं की होतं हो असं. जड उचलू नका." माझ्या घरात जड म्हणजे आमचे हे.

यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. वजन मात्र तसूभर घटलं नाही. बसडेपोत मेकॅनिक होते. जन्मभर जॅक लावून गाड्या उचलल्या, आता यांचा जॅक मी. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, कमोडवरून न्हाणीतल्या स्टुलावर, आणि मग तोच प्रवास उलटा. माणूस ठेवून पाहिला. पहिल्याला यांनी डाव्या हाताने ढकलून दिलं. दुसऱ्यासमोर दात आवळून असे बसले की तो बिचारा आपली पिशवी घेऊन निघून गेला. परक्या हाताने अंघोळ घालून घ्यायची नाही म्हणजे नाही. झटक्यानंतर यांनी जुळवून बोललेलं पहिलं वाक्य होतं, "मला तिकडे टाकू नको." तिकडे म्हणजे शुश्रूषा केंद्रात. मी नाही टाकणार म्हणाले आणि शब्दात अडकले.

लेकीने तेव्हाच अट घातली होती. ती दुसऱ्या गावी असते. "आई, तुला उचलवतंय तोवर ठीक. ज्या दिवशी उचलवणार नाही त्या दिवशी बाबा केंद्रात. मग तू रड नाहीतर ओरड." बोलायला तिखट, पण आली की स्वतः बाबांना हात लावत नसे. जरा धर गं म्हटलं की हिला नेमका फोन यायचा, नाहीतर गॅसवर काहीतरी उतू जायचं. हिची बॅगसुद्धा टॅक्सीवाला वर आणून द्यायचा. मला तिचा मनस्वी राग यायचा. एवढी कसली नाजूक झालीस, असं एकदा मी तिला म्हटलंही.

म्हणजे सांगावं तर हे केंद्रात, आणि न सांगावं तर मी रोज थोडी थोडी खाली. डॉक्टरांकडे जावं, तर जवळ आमचंच हॉस्पिटल, आणि तिथे सगळ्या माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी. त्यांच्यासमोर त्याच टेबलावर मी जाऊन पडायचं? शिवाय ऑपरेशन म्हटलं की कित्येक आठवडे काही उचलायचं नाही. दोन खोल्यांचं घर, त्यात एक खोली भरून पलंग. सकाळी खिडकी उघडताना मला वाटायचं, आपल्याला कुणीतरी बाहेरून कडी घातली आहे.

मग ठरवलं, ऑपरेशन नको, कुणाचा हात नको, आपण आपलं घरच्या घरी निस्तरायचं. मोबाइलवर व्यायामाचा व्हिडिओ सापडला. यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बंद करून पाहिला. एक बाई चटईवर गुडघे वर करून पडली होती, मग बोटांनी आकडे मोजत होती. पुढचं मला कोणी शिकवायला नको होतं. त्या स्नायूंची सगळी ओळखपाळख मला होती. मी गुडघे वर केले, श्वास भरला, हनुवटी छातीला लावली आणि सुरुवात केली.

यांना व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, तिला आम्ही व्यायामवाली म्हणतो. तिचा यांच्याशी तास चालला की मी स्वयंपाकघरात दार लोटून माझा तास घ्यायचे. घाम यायचा, चेहरा लाल व्हायचा. कष्ट घेतेय म्हणजे गुण येणारच. गुण येईना. चेंडू दुपारऐवजी सकाळीच यायला लागला. मी व्यायाम वाढवला.

त्या दिवशी न्हाणीत यांची अंघोळ आटपली होती. मी यांच्या काखांत हात घालून रोजच्यासारखं उचललं, आणि हे अर्धे उठलेले असताना माझं सगळंच खाली आलं. दुखलं नाही, पण जोर गेला. वर उचलवेना, नीट खाली ठेववेना. शेवटी हे स्टुलावर धपकन बसले आणि मी त्यांच्या पायाशी फरशीवर. न्हाणी एवढीशी. स्टूल मागे सरकून दाराला टेकलं होतं आणि त्यावर हे. दार आत उघडतं. म्हणजे यांना उठवल्याशिवाय दार उघडणार नाही, आणि यांना उठवणारी मी अशी पडलेली.

"काय?" हे म्हणाले.

"पाय घसरला."

यांनी फरशीकडे पाहिलं, मग मी साडी जिथे मुठीत धरून ठेवली होती तिकडे पाहिलं. "खोटं," म्हणाले.

मी यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला तेवढाच. नळ ठिबकत होता. यांच्या अंगावर काटा आला होता, आणि यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला तो काही काढला नाही. माझी खात्री झाली की सगळं संपलं. आता लोक येतील, दार तोडतील, लेकीला फोन जाईल. मला रडू आलं, आणि यांच्यासमोर आलं याची लाज वाटली.

व्यायामवालीकडे आमची एक किल्ली असते, कारण बेल वाजली तरी मला यांना सोडून दाराशी जाता येत नाही. ती वेळेवर आली. हाका मारल्या, न्हाणीचं दार ढकलून पाहिलं, आणि आतून मी सांगितलं तसं फटीतून हात घालून स्टूल यांच्यासकट इंच इंच सरकवलं. आधी यांना कोरडं करून खुर्चीत बसवलं, मग मला पलंगावर आडवं केलं आणि कमरेखाली उशी दिली. हळूहळू अंग आपसूक आत गेलं. मी छताकडे बघत सगळं सांगून टाकलं, वर म्हटलं, "मी व्यायाम करतेय त्याचा. रोज, न चुकता."

"दाखवा बघू," ती म्हणाली आणि माझ्या पोटावर हात ठेवला.

मी श्वास भरून रोखला, हनुवटी छातीला लावली आणि नेहमीप्रमाणे दाखवलं.

तिने हात उचलला. तिला हसावं की नाही ते कळेना. "सिस्टर," ती म्हणाली, "हे तर बाळंतपण चाललंय."

इतके दिवस मी घाम गाळून, दार लोटून, मन लावून माझं अंग स्वतःच बाहेर ढकलत होते. दुसरं काही मला येतच नव्हतं. हजारो बायकांना मी ढकलायला सांगितलं, वर ओढायला एकीलाही सांगितलं नाही. मी हसायला लागले, आणि खुर्चीतून हेसुद्धा.

तिने नीट शिकवलं. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवायचं असल्यासारखं आतून वर ओढायचं. श्वास चालू ठेवायचा, पोट फुगवायचं नाही, मग पूर्ण सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. "आणि हॉस्पिटलमध्ये दाखवून या. आधाराला रिंग बसवतात, मापाची. व्यायामाने आराम पडेल, पण कितपत पडेल ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही." मग तिने यांच्याकडे पाहिलं. "आणि यांना उचलायचं नाही."

"मग यांना उचलणार कोण?" मी म्हटलं. तिने जाण्याआधी यांना पलंगावर आणून निजवलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. यांनाही ऐकू यावं म्हणून आमच्याकडे फोन स्पीकरवरच असतो. तिने विचारलं, कशी आहेस. मी म्हटलं, ठणठणीत.

"पडली," हे पलंगावरून म्हणाले.

"कोण पडली? आई?"

"खोटं बोलते."

तिकडे तिचा आवाज कडक झाला. "बस झालं आता. उद्या मी केंद्रात फोन करते."

"थांब," मी म्हटलं. दुसरी काही थाप सुचेना, आणि खरं म्हणजे थापांचा कंटाळा आला होता. "मी घसरले नाही. माझं अंग बाहेर येतं. वर्ष झालं."

तिकडे टीव्ही चालू होता तो तिने बंद केला. मग म्हणाली, "माझंही."

"काय?"

"माझंही येतं, आई. धाकट्याच्या वेळेपासून."

धाकट्याच्या वेळी तिच्या उशाशी मीच होते. दुसऱ्या कुणाला मी उभं राहू दिलं नव्हतं. ती थकली, नको म्हणाली, जरा थांबू दे म्हणाली, तरी मी तिला थांबू दिलं नाही. बाहेर जावई दचकला होता, हे तर मी नंतर कित्येकांना रंगवून सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, जड उचलू नकोस. ते मी पाळतच होते."

माझ्या डोळ्यांसमोर तिची बॅग आली, टॅक्सीवाल्याच्या हातातली. यांनी सगळं ऐकलं होतं. बराच वेळ ते शब्द जुळवत होते. मला वाटलं आता म्हणतील, टाका मला तिकडे. मी पलंगाची दांडी घट्ट धरली.

"माणूस," ते म्हणाले. "बोलाव."

"तुम्ही ढकलाल त्याला."

यांनी मान हलवली. "नाही." मग माझ्याकडे बोट केलं. "तू पण."

"मी पण काय?"

"हात... लावू दे."

मला त्या टेबलाचा पत्रा आठवला, त्यावर येणाऱ्या बायकांचे गार पाय आठवले, आणि पडद्यापलीकडे उभ्या असतील त्या माझ्या पोरी. अजिबात जायचं नव्हतं मला. "बरं," मी म्हटलं.

मी यांच्या शेजारी उरलेल्या वीतभर जागेत आडवी झाले आणि फोन पोटावर ठेवला. लेकीला म्हटलं, दार लाव आणि तूही पड, गुडघे वर घे. श्वास रोखू नकोस. आतून वर ओढ. तिचा श्वास ऐकू येत होता. जीभ जुन्या सवयीने वळवळत होती, ती मी दाताखाली धरली.

"आता सोड," मी हळू आवाजात म्हटलं. "सोड, बाळ."